टर्बो गाडीच्या धुराची गळती : ओळख, शोध आणि दुरुस्ती



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खत आणि पाणी याविषयी लिहावे अशी रीत आहे. या अंकात आम्ही गाडीच्या धुराविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण गटवार फिरताना उसाच्या गोष्टी झाल्या की पुष्कळ ठिकाणी बोलणे गाडीवर येते. "साहेब, गाडीचा दम गेलाय, नुसता काळा धूर ओकते", "डिझेल लई खाते", "मागच्या सीटवर बसलं की पोरांचं डोकं दुखतंय". तक्रारी तीन, पण पुष्कळदा मूळ एकच निघते. ते मूळ म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत झालेली गळती. म्हणून हा लेख.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवर जुन्या डिझेल गाड्या पुष्कळ आहेत. कोणाकडे टेम्पो ट्रॅव्हलर, कोणाकडे ट्रॅक्स, कोणाकडे सुमो. आठवडाभर ही गाडी बेणे, खताची पोती आणि दुधाच्या किटल्या वाहते. एकादशीला तीच घरच्यांना घेऊन पंढरपूरला जाते, नवरात्रात तुळजापूरला, गुरुवारी अक्कलकोटला. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने (२००५ पासून तिचे नाव फोर्स मोटर्स आहे) ट्रॅव्हलर १९८७ साली आणली. टाटांची सुमो १९९४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज आपल्याकडे धावणाऱ्या यातल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या, दोन-तीन हात फिरून आलेल्या आहेत. इंजिने दणकट आहेत, त्यांना दोष नाही. पण लोखंड किती वर्षे तापणार आणि निवणार, याला मर्यादा आहे.

अशा गाडीचा दम गेला की आधी नोझल बदलतात, मग पंप कॅलिब्रेशनला जातो आणि शेवटी "टर्बो गेला" असे ठरते. एवढे पैसे घालूनही गाडी तशीच राहते, कारण गळती मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये असते. खोडव्याच्या मुळाला हुमणी लागलेली असताना पानावर फवारणी करावी, तसला हा प्रकार आहे.

टर्बो काम कसे करतो

इंजिनात डिझेल जळते आणि त्याचा तापलेला धूर दाबाने बाहेर पडतो. साध्या गाडीत हा धूर सायलेन्सरवाटे वाया जातो. टर्बो गाडीत तो आधी एका पंख्यावर आदळतो. त्या पंख्याच्या दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची स्वच्छ हवा ओढून दाबाने इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळते आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि पूर्ण ओझ्यावर त्यात शिरणारा धूर सहाशे-सातशे अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. हे सगळे त्या धुराच्या दाबावर चालते. तो दाब वाटेत कुठे सुटला की सगळे गणित बिघडते.

गळतीच्या दोन जागा

नदीवरून आणलेल्या पाइपलाइनचे उदाहरण घ्या. गळती मोटरीजवळ असेल तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. गळती शेवटच्या तोंडाशी असेल तर पाणी पोचते, पण भलत्याच ठिकाणी चिखल होतो. धुराचेही तसेच आहे.

पहिली जागा टर्बोच्या आधीची. म्हणजे इंजिनच्या हेडला जिथे मॅनिफोल्ड बसतो तो जोड, खुद्द मॅनिफोल्ड, आणि मॅनिफोल्ड व टर्बो यांच्यामधला जोड. इथे धूर सुटला की टर्बोला जोर मिळत नाही. हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, धूर काळा होतो, चढाला गाडी दम टाकते. ही गळती खिशातून पैसे काढते.

दुसरी जागा टर्बोच्या नंतरची. टर्बोखालचा पाइप, जाळीचा लवचिक पाइप, सायलेन्सर आणि शेपटीचा पाइप. इथे धूर सुटला तर ओढ फारशी कमी होत नाही, म्हणून पुष्कळजण "आवाजच येतोय, चालू द्या" म्हणून सोडून देतात. पण हा धूर गाडीच्या पोटाखाली सुटतो आणि तळाच्या भोकांतून आत शिरतो. ही गळती माणसाच्या श्वासाशी खेळते.

गाडी लागली, की धूर लागला?

यात्रेला निघालेल्या गाडीत मागच्या सीटवरची लहान मुले आणि म्हातारी माणसे मळमळते, डोके दुखते, चक्कर येते म्हणतात. आपण "गाडी लागली" म्हणतो, लिंबू हुंगायला देतो, आले-गोळी देतो आणि पुढे निघतो. पुष्कळदा ती खरोखर गाडीच लागलेली असते. पण कार्बन मोनॉक्साइड वायूचीही पहिली लक्षणे अगदी हीच आहेत. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस पेंगत जातो, आणि सोबतच्यांना वाटते की प्रवासाने झोप लागली.

पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो, हे खरे. तथापि इंजिनाला हवा कमी पडू लागली, म्हणजेच गाडी काळा धूर टाकू लागली, की त्याचे प्रमाण वाढते. शिवाय डिझेलच्या धुरात काजळी आणि छाती जाळणारे इतर वायू असतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये केला आहे.

यावर घरच्या घरी ओळखण्याची खूण सांगतो. गाडी लागलेल्या माणसाला वळणावर आणि खड्ड्यात जास्त त्रास होतो. धूर लागला असेल तर सरळ रस्त्यावरही त्रास होतो, एकाच वेळी दोघा-तिघांना होतो, काचा लावल्या की वाढतो आणि खाली उतरून मोकळ्या हवेत थांबले की उतरतो. अशी शंका आली की गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे. कोणी नीट शुद्धीवर नसेल किंवा त्रास उतरत नसेल तर वेळ न घालवता १०८ नंबरला फोन करावा.

आणखी एक सवय मोडायला हवी. आत सामान मावत नाही म्हणून मागचे दार दोरीने बांधून अर्धे उघडे ठेवतात. गाडी पळू लागली की तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि शेपटीच्या पाइपातला धूर त्या पोकळीत ओढला जाऊन उघड्या दारातून आत येतो. सायलेन्सर अगदी चांगला असला तरी हे घडते.

गळती शोधावी कशी

गळती शोधायची वेळ सकाळची, रात्रभर इंजिन थंड राहिल्यानंतरची. लोखंड तापले की फुगते आणि बारीक चीर आपोआप मिटते. म्हणून दुपारी मिस्त्रीकडे नेलेली गाडी "आता आवाज येत नाही" असे दाखवते. गाडी मोकळ्या अंगणात उभी करावी, बंद शेडमध्ये नको. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा, चाकाला दगड लावावा. टॉवेल, उपरणे किंवा पदर पंख्याच्या पट्ट्याजवळ लोंबू देऊ नये. एकाने चाकाशी बसावे, दुसऱ्याने पाहावे.

१. डोळ्याने पाहावे. इंजिन सुरू करण्याआधी बॅटरी घेऊन मॅनिफोल्डचे जोड पाहावेत. धूर सुटतो तिथे काळ्या काजळीची रेघ उमटते. टोकाच्या दोन स्टडांकडे आधी लक्ष द्यावे, कारण ताण सर्वांत जास्त टोकांवर येतो आणि तुटतात ते बहुधा तिथलेच.

२. कानाने ऐकावे. तीन हात लांब रबरी नळीचा तुकडा घ्यावा. एक टोक कानाशी धरावे, दुसरे टोक जोडाजोडाजवळून फिरवावे. गळतीशी आले की "फस्-फस्" किंवा "टिक्-टिक्" असा आवाज स्पष्ट येतो. रेस वाढवली की तो वाढतो. टॅपेटचा आवाजही टिकटिक असतो, पण तो इंजिन गरम झाल्यावर सहसा जात नाही. गळतीचा आवाज मात्र पुष्कळदा कमी होतो.

३. शेपटीचा पाइप क्षणभर दाबावा. जाड ओले फडके हातमोज्याने पाइपाच्या तोंडावर दोन-तीन सेकंदच धरावे. वाट घट्ट असेल तर फडके मागे ढकलले जाते. गळती असेल तर ती जोरात फुसफुसते. जास्त वेळ दाबू नये, आणि पाइप तापल्यानंतर हा प्रयोग करू नये.

४. साबणाचे पाणी. इंजिन बंद आणि थंड असताना शेपटीच्या पाइपातून हवा हळू सोडावी. पंक्चरवाल्याची नळी चालते, पण तोंड घट्ट बांधू नये, फडक्याने सैलसर धरावे. मग जोडांवर साबणाचे पाणी सोडले की गळतीवर फेस येतो. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तीच पद्धत.

५. उदबत्ती. इंजिन मंद चालू असताना पेटती उदबत्ती जोडाजवळ धरली तर गळतीपाशी तिचा धूर हलतो. परंतु कुठे डिझेल पाझरत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नये.

आता फसवणूक कुठे होते ते सांगतो. काळा धूर आणि दम जाणे ही लक्षणे हवेच्या बाजूची रबरी नळी फाटली तरी दिसतात. तिथे काजळी नसते, तेलकट डाग असतो आणि ओझ्यावर शिटीसारखा आवाज येतो. नोझलखालचा तांब्याचा वायसर गेला तरी फसफस येते. तिथे नोझलभोवती डांबरासारखा काळा चिकट थर जमतो. ज्या गाड्यांत थोडा धूर परत इंजिनात नेणारा पाइप असतो, त्याचे जोडही तपासावेत. एवढे पाहिल्याशिवाय टर्बो खोलायला परवानगी देऊ नये.

गळती होते कशाने

मॅनिफोल्ड बिडाचा असतो आणि हेड बहुधा दुसऱ्या धातूचे किंवा वेगळ्या जाडीचे. दोन्ही सारखे तापत नाहीत, सारखे फुगत नाहीत. हजारो वेळा हे घडले की गॅस्केट चिरते, स्टड ताणून तुटतात, मॅनिफोल्ड वाकतो किंवा तडकतो. दुसरे कारण आपले रस्ते आणि पाणंदी. इंजिनाखालचे रबर, ज्याला मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, ते बसले की इंजिन हलते आणि त्याच्याबरोबर पाइप हिसका खातो. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले की त्याचे सगळे वजन टर्बोखालच्या जोडावर येते. तिसरे कारण पाणी. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी रोज घर ते डेअरी एवढीच धावली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफेचे पाणी होऊन आतच साठते आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून फाउंडेशन व टांगणीचे रबर न बदलता नुसते गॅस्केट बदलले तर तोच खर्च पुन्हा येतो.

दुरुस्ती : काय करून घ्यावे

मॅनिफोल्ड उतरवणे हे अनुभवी मिस्त्रीचे काम आहे. पण काम नीट होते की नाही हे मालकाने उभे राहून पाहावे.

जुने नट ओढून काढू नयेत. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. स्टड तुटलाच तर त्याच्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवून काढता येतो. ते न जमल्यास मधोमध ड्रिल करून काढावा. घाईने तिरपे भोक पाडले तर हेडचा आटा जातो आणि खर्च कितीतरी वाढतो.

मॅनिफोल्ड उतरला की त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फटीमापाने वाक तपासावा. वाक कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यावे. वाकलेल्या तोंडावर नवे गॅस्केट बसवणे म्हणजे फुटक्या बांधावर माती टाकणे.

गॅस्केट कंपनीचे किंवा त्याच दर्जाचे घ्यावे. दोन गॅस्केट एकावर एक घालू नयेत. जुन्या गाडीतले गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे, फुंकर किंवा हवा मारू नये.

नट नवे आणि उष्णता सोसणारे वापरावेत. आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, एकदम पूर्ण न आवळता दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाप्रमाणे आवळावेत. इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा आवळायला सांगितले असेल तर तेही करून घ्यावे.

टर्बो उघडा असेल तेव्हा त्याच्या तोंडावर स्वच्छ फडके बांधावे. गॅस्केटचा तुकडा किंवा वायसर आत पडला आणि गाडी सुरू केली, तर एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती क्षणात जातात.

बिडाला चीर गेली असेल तर साध्या रॉडने मारलेले वेल्डिंग टिकत नाही. बीड आधी तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, सावकाश निववावे लागते. हे काम जाणणारा कारागीर नसेल तर चांगला मॅनिफोल्ड बदलून टाकणेच स्वस्त पडते. टर्बोनंतरचा पाइप किंवा सायलेन्सर मात्र पत्र्याचा असतो. तो एका जागी फुटला असेल तर पॅच मारता येतो. जागोजागी कुजला असेल तर बदलावा. लांबी, पट्टी किंवा डब्याचा पत्रा तारेने गुंडाळणे ही गाडी घरी आणण्यापुरती सोय आहे, तिला दुरुस्ती म्हणू नये.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, डिझेलची नळी जवळ नाही हे पाहावे, वाळूची बादली शेजारी ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमाच्या नव्या गाड्यांत धुराच्या वाटेवर सेन्सर आणि गाळणी असते. तिथे गावात कापाकापी करू नये.

पाचटाचा धोका

हे आमच्या खात्याशी थेट संबंधित आहे. हंगामात गाडी तोडीच्या फडात उतरते. खाली वाळलेले पाचट असते. तापलेला पाइप फुटलेला असेल तर ठिणगी आणि गरम झोत सरळ पाचटावर पडतो. एका सभासदाच्या पाइपातल्या भोकाने शेजाऱ्याचा उभा फड जाऊ शकतो. म्हणून पाइप फुटकी गाडी फडात नेऊ नये. चांगली गाडीही पाचटावर चालू ठेवून उभी करू नये, आणि पाइपाभोवती अडकलेले पाचट रोज काढावे.

हिशेब

समजा, आपली गाडी महिन्याला १२०० किलोमीटर धावते आणि लिटरला १२ किलोमीटर देत होती. तिला १०० लिटर डिझेल लागत असे. गळतीमुळे ती ११ देऊ लागली तर १०९ लिटर लागेल. महिन्याला ९ लिटर, वर्षाला शंभरावर लिटर डिझेल धुरात गेले. गॅस्केट आणि नटांचा खर्च याच्यापुढे किरकोळ आहे. आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा असेल तर टाकी काठोकाठ भरावी, तीन-चारशे किलोमीटर चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा. दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा काढलेला आकडा मिस्त्रीच्या कामाचे प्रगतिपुस्तक होय. ओढ पाहायची असेल तर तेवढीच माणसे घेऊन तुळजापूरचा घाट त्याच गिअरमध्ये चढून पाहावा.

सभासदांना विनंती

गळीत हंगाम आणि कार्तिकी वारी जवळजवळ एकाच सुमारास येतात. गाडीला फुरसत मिळते ती त्याआधीच. तरी एका सकाळी, इंजिन थंड असताना, पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात : मॅनिफोल्डच्या जोडांवर काजळी आहे का, टोकाचे नट जागेवर आहेत का, सायलेन्सरची टांगणी व इंजिनचे फाउंडेशन शाबूत आहे का, तळाच्या पत्र्यातील भोके व गिअरच्या दांड्याचे रबर बंद आहे का, मागच्या दाराचे रबर घट्ट बसते का. कारखान्याच्या आवारात वजनासाठी रांगेत थांबलेल्या वाहनचालकांनाही कळकळीचे सांगणे आहे : थंडी वाजते म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नये. घोंगडी घ्यावी, इंजिन बंद करावे.

उसाच्या वजनात एक किलो कमी भरला तर आपण काट्यावर जाऊन विचारतो, आणि तो आपला हक्कच आहे. गाडीतल्या माणसांच्या श्वासाचा काटा मात्र आपल्यालाच तपासावा लागतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग